स्पंजचे तीन थर

सीटचे बोल्ट सोडवायला वाल्मीक शेवाळे गाडीखाली सरकला, पाना बोल्टवर बसवला, आणि नेमकी तेव्हाच त्याला मोहिनीच्या पत्राची आठवण झाली. पत्राला सहा वर्षं होऊन गेली होती. उत्तर गेलं नव्हतं.

पत्र त्याला जवळजवळ पाठ होतं. "दादा," असं तिने लिहिलं होतं, "हे गेल्याला आता चार महिने झाले. एक विचारायचं आहे, रागाने विचारत नाही. शेवटच्या वर्षी यांनी जेवण कमी केलं होतं. गाडीसाठी वजन उतरवतोय, म्हणायचे. तुम्ही त्यांना तसं सांगितलं होतं का? डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. आधी म्हणजे कधी, ते मला कळत नाही. आणि त्या गाडीत असं काय होतं, तेही जमलं तर लिहा. मी ती कधी चालताना पाहिली नाही."

"काका, निघतात का बोल्ट?" बाहेरून आवाज आला.

हा मयूर. गंगापूर रोडला राहणारा, कंपनीत इंजिनिअर, अंगाने चांगला भरलेला. गाडी विकत घ्यायला आला होता. सगळं पसंत पडलं होतं, पण सीटमध्ये तो मावत नव्हता. आत इतका स्पंज कशाला चिकटवलाय, तो काढून द्या, म्हणाला होता. वाल्मीक पाना घेऊन खाली सरकला होता.

सातपूरला वाल्मीकचं पत्र्याचं शेड होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचे सांगाडे, असली वेल्डिंगची कामं तो करायचा. मूळचा कळवणचा. सोमनाथ पिंगळे त्याच्याकडे प्रथम आला तोही फवारणीच्या सांगाड्यासाठीच. दिंडोरीकडचा बागाईतदार, तिशीतला, उंच, रुंद पाठीचा. सांगाडा बघता बघता त्याने विचारलं, की याच नळ्यांची मोटार होईल का?

वाल्मीकला ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी सोमनाथ अपघातात चेपलेल्या मारुतीचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला, आणि बागेतला पेट्या मोजायचा जुना वजनकाटाही. काटा दाराशी मांडला. म्हणाला, गाडीत जाईल ती प्रत्येक वस्तू आधी या काट्यावर चढेल.

दोन वर्षं दर रविवारी तेच चाललं. दारं नकोत, काच नको, छप्पर नको. पायाखालचा पत्रा भोकं पाडून हलका केला. लांब बोल्ट कापून आखूड केले. वाल्मीकचं आजवरचं आयुष्य वस्तू मजबूत करण्यात गेलं होतं. जिथे शंका तिथे आणखी एक पट्टी डागायची, अशी त्याची रीत. हा गृहस्थ उलटंच शिकवत होता.

"मिस्तरी, ताकद वाढवायची तर पैसा लागतो," सोमनाथ म्हणायचा. "वजन कमी करायला नुसती करवत."

सीटसाठी सोमनाथला प्लास्टिकवर बसवून त्याच्या पाठीमागे, कुशींना ओलं प्लास्टर भरलं. ते घट्ट होईस्तोवर तो श्वास रोखल्यासारखा बसून होता आणि वाल्मीक त्याला हसवायला बघत होता. त्या ठशावर टाक्या बनवणाऱ्या झिपरूने फायबर चढवलं. सोमनाथची पाठच जणू उचलून गाडीत ठेवली. दुसऱ्या कोणाच्या अंगाला ती सीट येईल असं वाटत नव्हतं.

गाडी तयार झाली तेव्हा चौघांनी मिळून तिचं पुढचं टोक उचललं आणि चौघेही हसले, इतकी ती हलकी होती. शेडमागे एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्याभोवती काँक्रीटचा रस्ता फिरायचा. राखणदार पुंजा चहाच्या बोलीवर फाटक उघडायचा. दर रविवारी सोमनाथ तिथे फेऱ्या मारायचा. एकदा द्राक्षांच्या ट्रकवर गाडी चढवून तो मद्रासकडच्या ट्रॅकवर घेऊन गेला. सरळ रस्त्यावर मोठ्या इंजिनांच्या गाड्या त्याला मागे टाकून जायच्या, आणि वळण आलं की ब्रेक दाबून रांगायच्या. हा त्यांच्यापेक्षा कितीतरी उशिरा ब्रेक दाबायचा आणि आतल्या बाजूने निघून जायचा. नंबर पाचवा आला. पण परतला तो नवरदेवासारखा.

फेऱ्यांच्या आधी काट्यावर उभं राहायचा त्याचा नेम होता. हेल्मेटसकट. गाडीइतकंच चालवणाऱ्याचंही वजन धरायला हवं, असं तो म्हणायचा. वाल्मीक आकडा खडूने दारावर लिहायचा, पुढल्या रविवारी पुसून नवा लिहायचा.

दोन हजार साल उलटल्यावर तो आकडा उतरायला लागला.

पहिल्यांदा उतरला तेव्हा शेडमध्ये आनंदच झाला. त्या दिवशी फेरीही जलद गेली. गाडीतून आणखी काय काढावं हे सुचत नव्हतं, आणि इथे माणूसच हलका होऊन आला होता. वाल्मीकने खडू खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला तर करवतपण नाय लागली."

सोमनाथ पोट धरून हसला. घरचीने तेल-तूप बंद केलंय, म्हणाला. वाल्मीकला ते खरं वाटलं. शहाणी बाई दिसते, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

पुढे सोमनाथ म्हणाला, "सीट ढिली झाली मिस्तरी. वळणावर मी आत हलतो."

"सीट कशी ढिली होईल? तुम्ही बारीक झाले."

"मग भरून द्या ना मला."

वाल्मीकने बोटभर स्पंज कापला. चिकटवण्याआधी तोही काट्यावर ठेवला. काटा हललासुद्धा नाही, तरी सोमनाथ कुरकुरला, की उतरवलेलं वजन तुम्ही परत घालताय. मग दिवाळीनंतर दुसरा थर. संक्रांतीच्या आसपास तिसरा. त्या दिवसांत फेऱ्या संपल्या तरी सोमनाथ लगेच बाहेर यायचा नाही. हात पोटावर ठेवून थोडा वेळ तसाच बसून राहायचा. बेल्ट काचतो, म्हणायचा. वाल्मीक बेल्ट ढिला करून द्यायचा.

बागेची तोडणी सुरू झाली आणि सोमनाथ यायचा थांबला. कामाचे दिवस आहेत, असं वाल्मीकने धरून चाललं. मग कळलं ते दवाखान्यातूनच. पोटात गाठ होती आणि ती सगळीकडे पसरली होती. वाल्मीक भेटायला गेला तेव्हा खाटेवर चादरीखाली माणूस आहे हे एकदम लक्षातच येत नव्हतं. सोमनाथने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि आता मला चालवायला दिली तर सगळं रेकॉर्ड मोडेन, असं काहीसं पुटपुटला. त्याची बायको मोहिनी पायाशी उभी होती. दोघांनाही हसता आलं नाही.

तो गेल्यावर गाडी वाल्मीककडेच टाकून मोहिनी मनमाडला भावाकडे राहायला गेली. पत्र तिथूनच आलं होतं.

वाल्मीकने उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पण पहिल्याच शब्दाला अडायचं. 'हो, मीच सांगितलं' असं लिहिलं असतं तर ते खोटं होतं, पण बाईच्या जिवाचा घोर गेला असता. नवरा गाडीच्या नादाने उपाशी राहिला, दुखणं नंतर आलं, तिच्या हाती काही नव्हतं. आणि 'नाही' लिहिलं की सरळ अर्थ निघत होता, की कोणी न सांगता तो झिजत होता, घरी तिच्या ताटासमोर आणि शेडमध्ये वाल्मीकच्या काट्यावर. आधी म्हणजे कधी, याचं उत्तर त्यातच होतं. एकदा 'हो' लिहून पाकीट बंदही केलं होतं. बायकोने, आशाने, कोणाला लिहिलंय एवढंच विचारलं आणि त्याने ते चुलीत घातलं.

"काका?" मयूरने वाकून पाहिलं. "गंजलेत का?"

"नाय," वाल्मीक म्हणाला. त्याने पाना काढून घेतला आणि अंगाखालचं गोणपाट झटकत बाहेर आला. "आधी एक फेरी मारतो."

"तुम्ही चालवता?"

"कधी नाय चालवली."

मयूरला ते खरं वाटेना. ज्याने बनवली त्यानेच कधी चालवली नाही, हे कसं? सीट दुसऱ्याच्या मापाची होती, हे एक कारण. आणि आपण वेल्डिंगवाले, ते बागाईतदार, ही जागा आपली नव्हे, असं त्याला कायम वाटत आलं होतं.

इंजिन चालू स्थितीत ठेवलेलं होतं, तेवढं त्याने सोडलं नव्हतं. कडेच्या नळीवरून पाय टाकून तो आत उतरला, आणि पाठ टेकताच तसाच थांबला.

सीट त्याच्या अंगाला बरोबर बसली होती. खांद्यापाशी, कुशीत, कमरेशी, कुठे जरा म्हणून फट नव्हती.

वाल्मीक पहिल्यापासून काटकुळा. सोमनाथच्या सदऱ्यात त्याच्यासारखे दोन मावले असते. तिसरा थर लागला तेव्हा हा रुंद पाठीचा माणूस वाल्मीकएवढा झाला होता. वाल्मीकने स्वतःच्या हाताने माप घेतलं होतं, स्वतःच्या हाताने सरस लावला होता, आणि वर हसला होता.

पुंजा आता म्हातारा झाला होता, पण फाटक त्यानेच उघडलं. काँक्रीटच्या फटींतून गवत वर आलं होतं. पहिला गिअर टाकून वाल्मीक हळूच निघाला, आणि पन्नास पावलांतच त्याला कळलं की आपल्याला आजवर मोटार म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पायाने नुसता विचार करावा आणि गाडीने तो ऐकावा, तसं होतं. रस्त्यातला प्रत्येक सांधा त्याच्या पाठीला लागत होता. वळणावर स्टिअरिंग हातात जड झालं आणि चाकं कुठवर धरतील, कुठे सोडतील, हे त्याला आपोआप समजलं, अंधारात आपल्याच घरात चालताना समजतं तसं. वेग काही फार नव्हता. एखादा मोटारसायकलवालाही पुढे गेला असता. तरी मधे काही नव्हतं. ना दार, ना काच, ना पत्र्याचं ओझं. एक माणूस आणि रस्ता.

फेरी पुरी झाली तरी तो थांबला नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. त्या वेळात त्याला सोमनाथ आठवला नाही, पत्र आठवलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं ते इंजिन बंद केल्यावर. तो उठला नाही, तसाच बसून राहिला. सोमनाथ बसायचा तितकाच वेळ बसला असेल.

"कशी आहे?" मयूरने विचारलं.

"चांगली हे," वाल्मीक म्हणाला. "घेऊन जा."

मग त्याने सीट काढली आणि पातळ पातीने एकेक थर सोलला. मयूर बसून पाहून म्हणाला, आता एकदम फिट. दिवस मावळायच्या आत गाडी टेम्पोवर चढली आणि गेली. स्पंजचे तीन तुकडे बाकावर राहिले. कोणता कोणत्या वेळचा, ते त्याला न बघता सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेड न उघडता त्याने पत्र लिहिलं. अक्षर वाईट, शब्द मोजके.

"वहिनी, उशीर झाला. मी त्यांना उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी वजन उतरलं की मी खूश झालो. तुम्हाला करवतपण लागली नाही, असं मी त्यांना म्हणालो होतो. ते मला सांगायचे की तुम्ही तेल-तूप बंद केलंय, आणि तुम्हाला सांगायचे की गाडीसाठी. म्हणजे तुम्हाला माझं कारण दिलं आणि मला तुमचं. आपल्या दोघांनाही ते खरं वाटलं. वजन उतरायला लागलं ते गणपतीच्या आधी. डॉक्टर म्हणाले ते आधी म्हणजे तेव्हा. हे लिहायला नको असं वाटत होतं, म्हणून सहा वर्षं गेली. तुम्हा एकटीलाच दिसलं नाही असं नाही. मी तर काट्यावर पाहत होतो.

गाडीत काय होतं ते काल मी चालवल्यावर कळलं. ती चालवताना दुसरं काही सुचत नाही. रस्ता सोडून काही नसतं. मला वाटतं, तेवढा वेळ त्यांना दुखतही नसेल. हे मी खात्रीने सांगू शकत नाही."

आशाने विचारलं, की चाललात कुठे? मनमाडला एक पत्र टाकायचंय, म्हणाला. तिने चष्मा तेवढा आणून दिला.

सातपूरच्या पोस्टात खिडकीशी एक बाई बसली होती. पाकीट जाड झालंय का, तिकीट किती लावायचं, हे वाल्मीकला ठरवता येईना. म्हणून त्याने ते तिच्यापुढे सरकवलं. तिने पाकीट छोट्या काट्यावर ठेवलं. काटा हलल्यासारखा झाला आणि परत जागेवर आला.

"एकच तिकीट पुरे, बाबा," ती म्हणाली. "वजन काहीच नाही."

वाल्मीकने तिकीट चिकटवलं, अंगठ्याने दाबून धरलं, आणि बाहेर येऊन पाकीट लाल पेटीत सोडलं. हात थोडा वेळ पेटीच्या तोंडाशीच राहिला. मागे रांगेत कोणी नव्हतं.