काठोकाठ टाकी

खेमसिंगच्या ट्रॉलीत मक्याची पोती रचून झाली, तेव्हा सगळ्यांच्या वर सत्यशीलाबाईंची मोपेड आडवी चढवली गेली. दोन गड्यांनी ती उचलली आणि दोरानं आवळली. बाई खाली उभ्या राहून सारख्या सांगत होत्या, "हँडल नका ओढू रे. हँडल नका ओढू."

"बाई, एवढी काळजी तर म्या माया सासऱ्याची नाही केली," खेमसिंग म्हणाला.

"तुया सासऱ्यानं मले तीस वर्षं पाठीवर घेऊन हिंडवलं नाही."

गडी हसले. बाई नाही हसल्या. चार दिवस त्या पेडल मारून थकल्या होत्या. प्लग पुसला, चोक ओढला, शेजारच्या पोरांकडून ढकलून पाहिलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

सत्यशीलाबाई फुलसावंगीच्या आसपासच्या खेड्यांत नर्स होत्या. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून सिस्टरच म्हणत. सारी नोकरी या मोपेडवर झाली. पुढं लसींचा डबा, मागं पिशवी. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. मुलगी उर्वशी पुण्याला. "आई, एकटी नको राहू, इकडं ये," हे ती दर फोनला म्हणे. शेवटी एका दिवशी वैतागून बाई बोलून गेल्या होत्या, "गाडी चालते तवरी मी इथंच. गाडी बंद पडली की येतो." उर्वशीनं ते वाक्य पक्कं धरून ठेवलं. तेव्हापासून फोनवर तब्येतीच्या आधी ती गाडी विचारायची. चालते न? बाई म्हणायच्या, चालते.

म्हणून आज ढाणकीला जाणं भाग होतं. खेमसिंगचा मका तिकडं विकायला निघाला होताच. बाई ट्रॅक्टरच्या चाकावरल्या पत्र्यावर बसल्या, पदर कानावरून घेतला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका काढलेली वावरं होती, मधे कुठं ऊस. बाईंना याच वावरांत ज्वारी आठवत होती. माणसाच्या डोक्यावर गेलेली ज्वारी, मधोमध मचाण, मचाणावर डबा बडवणारी एखादी बाई. लसीकरणाला निघालं की तीच वरून पहिली ओरडायची, "सिस्टर, आज कोणाच्या लेकराले रडवता?"

"खेमा, एवढा मका कोण खाते रे?"

"कोंबड्या खातात. अन् आता गाड्या खातात," खेमसिंग ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "कारखानेवाले घेऊन राह्यले. स्पिरिट काढतात अन् पेट्रोलात मिसळतात. पहिले मक्याले कोण पुसे? औंदा भाव जरा घसरला, पण माया घरावर स्लॅब पडला तो यानंच. बाहेरच्या देशातून तेल कायले आणाचं? आपल्या वावरातून निंगते."

"चांगलं आहे की."

"चांगलंच आहे. लोक उगाच बोंबलतात, गाडी अ‍ॅव्हरेज कमी देते म्हणून. थोडं कमी दिलं तर दिलं."

बाईंना त्याचा आनंद खरंच वाटला. हा खेमसिंग त्यांच्याच हातांवर जन्मला होता, पायाळू. त्याच्या घरावर स्लॅब पडला, ही काही लहान गोष्ट नव्हती.

ढाणकीला अब्दुल गनीचं गॅरेज होतं तिथंच होतं. काम आता मुलगा शहजाद पाही. म्हातारा गनी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला. डोळ्यांपुढं त्याला आता फक्त उजेड आणि सावली दिसे.

"कोण?"

"ओळखा."

"अरे, सिस्टर!" गनीनं खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. "आवाज तर ट्रॅक्टरचा येऊन राह्यला. तुमची फटफट काहून नाही?"

"तेच विचाराले आली, गनीभाई."

शहजादनं मोपेड उतरवून घेतली. टाकीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं, मग एक पाण्याची रिकामी बाटली घेतली, पाइप काढला आणि टाकीतलं पेट्रोल बाटलीत सोडलं. बाटली भरल्यावर ती त्यानं स्टुलावर ठेवली. "मावशी, आता पाहत राहा."

आधी सगळं गढूळ होतं. मग हळूहळू मधे एक रेघ उमटली. वर पिवळसर, खाली पांढुरकं, आणि दोन्ही एकमेकांत जायला तयार नाहीत.

"पाणी टाकलं का कोणी?" बाईंनी विचारलं.

"कोणी टाकलं नाही. आता पाच भाग पेट्रोलात एक भाग स्पिरिट असते. ते पाणी ओढून घेते. लय झालं की पेट्रोलाले सोडून खाली बसते." शहजादनं बाटलीतला वरचा भाग ओतून दिला आणि खालचा बाईंच्या नाकाशी धरला.

त्या वासानं बाईंचे डोळे मिटले. पेट्रोलच्या उग्र वासाखालून दुसरा वास येत होता, आणि तो त्यांना आपल्या घरापेक्षा जास्त ओळखीचा होता. सुई टोचण्याआधी दंडावर फिरवायच्या कापसाचा. बाटलीचं बूच सैल राहिलं तर स्पिरिट उडून जातं आणि उरलेलं पाणी धरतं, हे त्यांनी स्वतः कितीतरी नव्या पोरींना शिकवलं होतं. पण गाडीच्या टाकीत तेच असेल, हे डोक्यात कशाला येईल?

"पेट्रोल कधी सडते का?" गनी खुर्चीतून म्हणाला. "म्या दोन-दोन वर्षं उभ्या गाड्या चालू केल्या."

"अब्बा, ते तुमचं पेट्रोल होतं. नव्या गाड्याइले याचं काही होत नाही, त्यायचं रबरच येगळं. पण हे पाहा." शहजादनं झाकणातलं रबरी वायसर काढून बापाच्या तळहातावर ठेवलं. "फुगून फाटलं. इथून पावसाचं पाणी गेलं. अन् मावशीनं टाकी काठोकाठ भरलेली. थोडं असतं तर थोडंच वाया गेलं असतं. सगळं बाद झालं."

गनी ते वायसर बोटांनी चाचपत राहिला.

"टाकी भरून ठेवाले मीच सांगतलं होतं," तो म्हणाला.

खरं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानंच सांगितलं होतं. सिस्टर, मिरुग लागाच्या आधी टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या टाकीले आतून घाम सुटते, गंज धरते. बाईंनी ते कधी मोडलं नाही. कॅलेंडरवर लसीचे दिवस लिहिलेले असत, तसाच हा एक दिवस. नोकरी सुटली तरी दर वर्षी मृगाआधी त्या पंपावर जात आणि पोराला म्हणत, वरपर्यंत भर.

"तुमचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "तवा ते बरोबरच होतं."

"पण शेवटची कधी काढलती गाडी?" शहजादनं विचारलं. "रोज चालली असती तर इतकं झालंच नसतं."



"टाकी भरली त्या दिवशी."

"म्हणजे जूनमधी? तब्येत बिघडलती का?"

"नाही रे बाबा. तब्येत ठणठणीत आहे." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जायाले कोणी उरलं नाही."

शहजादनं पान्हा उचलला. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. उर्वशी.

"आई, कुठं आहेस? एवढा आवाज कसला? गाडी चालते ना?"

समोर मोपेडची टाकी एकीकडं, कार्बोरेटर दुसरीकडं, नळ्या पेपरावर मांडलेल्या. बाईंना खोटं बोलणं सोपं होतं. पाच महिने त्या न काढलेल्या गाडीबद्दल चालते म्हणतच होत्या.

"बंद पडली. गनीभाईच्या इथं उघडून ठेवली आहे."

"आई, आपलं ठरलं आहे."

"ठरलं आहे ते ठरलंच आहे. संध्याकाळी सांगतो."

फोन ठेवल्यावर गनीनं मुलाला हाक मारली, "शहजाद, नळी नव्या रबराची टाक. जुनी धुवून नको लावू." पुढचे दोन तास तो खुर्चीत पुढं वाकून फक्त ऐकत होता. पेडल मारलं, गाडी भकभक करून थांबली. "कार्बोरेटरचा फ्लोट पाह्य," तो म्हणाला. पुन्हा पेडल. "हवा कमी कर. अजून." आणि मग ती सुरू झाली, तिच्या जुन्या, किंचित घोगऱ्या आवाजात. बाईंनी सीटवर तळवा टेकवला. खालची थरथर कोपरापर्यंत आली.

"आता ऐका, मावशी," शहजाद म्हणाला. "एका टायमाला एकच लिटर टाका. अन् पंधरा दिवसांत ते संपलंच पाहिजे. हे ठेवाचं पेट्रोल नाही. हप्त्यातून दोनदा गाडी काढा, कुठंही जा."

"कुठंही," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी उर्वशीला त्यांनी सांगितलं, चालू झाली. उर्वशी म्हणाली, "मग राहा." तिच्या आवाजात राग होता, पण रागाखाली थोडी दमणूकही होती. बाईंनी फोन ठेवला. घरात घड्याळ सोडून कशाचा आवाज नव्हता. जिंकल्याचं कोणाला सांगावं, हे त्यांना सुचेना. विजयमाला असती तर तिला सांगितलं असतं. तीस वर्षांची सोबतीण, दुसऱ्या उपकेंद्राची नर्स. ती चैत्रातच गेली होती.

चौथ्या दिवशी टाकीत लिटर तसंच होतं. बाईंनी चहा घेतला, चांगलं लुगडं नेसल्या, आणि दाराला कुलूप लावून निघाल्या. कुठं, ते ठरलं नव्हतं. हँडल जुन्या लसीकरणाच्या वाटेला वळलं, कारण तीच वाट हाताला पाठ होती.

पहिल्या गावात समाजमंदिराशेजारी त्यांनी गाडी उभी केली. इथंच कडुनिंबाखाली टेबल मांडायच्या. नवीन सिमेंटचा ओटा होता, त्यावर त्या बसल्या. येणारी-जाणारी माणसं पाहून पुढं जात. त्यांतली कितीतरी त्यांनी टोचलेली असतील, पण पन्नाशीकडं झुकलेल्या चेहऱ्यांत कोणतं लेकरू शोधायचं?

समोरच्या घरातून एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली. बराच वेळ पाहत राहिली, मग जवळ आली.

"कोणाकडं आल्या, बाई?"

"कोणाकडं नाही."

"मग?"

"पेट्रोल संपवून राह्यली," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

ती बाई हसली. थट्टा समजून हसली आणि पोराला सावरत आत गेली. बाई अजून थोडा वेळ बसल्या. मग उठून गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. टाकीत चांगलंच खळखळलं. त्यांनी पेडल मारलं आणि पुढच्या गावाची वाट धरली.