विद्वानाच्या कोपराखालची वही

मी एक वही बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. माझा जन्म वाजण्यासाठी झाला होता. पॅरिसच्या एका कबरस्तानात, यहुद्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात, चार हात मातीखाली मी पडून आहे आणि माझ्या अंगावर एका विद्वान गृहस्थाचा कोपर आहे. हा कोपर माझ्या मालकाचा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला उगाच गहिवरून यायला नको.

माझा कागद चिंध्यांचा. गिरणीत माझा लगदा झाला तेव्हा त्यात इस्पितळातल्या चादरी होत्या, एका शिपायाचा सदरा होता आणि कुणा नवरीचा परकर होता. मग मला दाबून वाळवलं, माझ्यावर पाच-पाच रेघांच्या ओळी आखल्या आणि संगीतशाळेजवळच्या एका दुकानात मांडून ठेवलं. माझ्या शेजारच्या वहीत पुढे नाचाच्या चाली लिहिल्या गेल्या. ती लग्नाकार्यांतून फिरली, तिच्यावर वाइन सांडली, फाटली आणि सुखाने मेली. मला मात्र लाझार ब्रिसाकने विकत घेतलं.

लाझार अल्सासमधल्या एका घोड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाने मुलाची बोटं घोड्याचे दात तपासावेत तशी तपासली आणि हा गाडीला जुंपायचा नाही, शर्यतीचा आहे, असं म्हणून त्याला पॅरिसला आणलं. विसाव्या वर्षी हा मुलगा पियानोवर असा काही धावायचा की ऐकणाऱ्या बायका आपापल्या खुर्च्या घट्ट धरून बसत. पुढे एका शुक्रवारी सगळं संपलं. हिवाळ्याचे दिवस, एका उमरावीण बाईंच्या दिवाणखान्यात दुपारचा कार्यक्रम, आणि बाई स्वतःच तासभर उशिरा आल्या. लाझार वाजवायला बसला. शेवटच्या पानावर त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. सूर्य बुडत होता, शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागत होता, आणि शब्बाथला वाद्याला हात लावायचा नाही. त्याने सूर अर्धवट सोडून पियानोचं झाकण लावलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि तो चालत घरी गेला.

पॅरिस आठवडाभर हसलं. नंतर हसायचंही विसरलं, आणि ते जास्त वाईट. त्याला कुणी पुन्हा बोलावलं नाही. ही हकीकत मी त्याच्या थोरल्या बहिणीच्या, गितेलच्या, तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मी स्वतः तिथे हजर होते असं मला वाटतं.

"चार ओळी उरल्या होत्या," गितेल म्हणायची. "चार! देवाला काय घाई होती?"

"देवाला नव्हती," लाझार म्हणायचा. "सूर्याला होती."

चाळिशीत त्याने मला उघडलं आणि अकरा वर्षं माझ्यात लिहिलं. बारा स्तोत्रं, एकट्या पियानोसाठी. गाणारा नाही, शब्द नाहीत, फक्त दोन हातांनी केलेली प्रार्थना. प्रार्थना म्हटलं तरी त्यात विनवणी कमी आणि भांडण जास्त. इतकी अवघड की ती वाजवू शकणारं माणूस पॅरिसमध्ये एकच होतं, आणि त्या माणसाला कुणी बोलावत नव्हतं.

गितेल विधवा होती आणि भावाचं घर चालवायची. तिला संगीताचं वावडं नव्हतं. संगीत म्हणून काही असतं हेच तिला मान्य नव्हतं. दर गुरुवारी ती शब्बाथची वेणीची पोळी भाजायला भट्टी पेटवायची, आणि भट्टीला कागद लागतो.

"गितेल, टेबलावरचे कागद कुठे गेले?"

"कुठले? ते माश्यांनी घाण केलेले?"

"तो चौथ्या स्तोत्राचा कच्चा खर्डा होता!"

"मग चौथं फार चांगलं झालं होतं हो. काय धगधगलं म्हणून सांगू!"

लाझार त्या दिवशी जेवला नाही. गितेलने त्याची पोळी शेजाऱ्यांना दिली. संध्याकाळी त्याने दौत घेतली आणि माझ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर हिब्रू अक्षरांत स्तोत्राची एक-एक ओळ लिहिली. त्या प्रत्येक ओळीत देवाचं चार अक्षरी नाव होतं. ते नाव आमचे लोक उच्चारत नाहीत, खोडत नाहीत, जाळत नाहीत. ज्या कागदावर ते असेल तो जीर्ण झाला की माणसासारखा सन्मानाने मातीत ठेवतात.

पुढच्या गुरुवारी गितेलने मला उचललं, पहिलं पान पाहिलं, बोटं ओठांना लावली आणि मला हळूच जागेवर ठेवलं. भट्टीत त्या दिवशी वर्तमानपत्र गेलं. लाझार दाराआडून पाहत होता. त्याला हसताना मी तेव्हा पाहिलं. पुन्हा पाहिल्याचं आठवत नाही.

त्याची एकच शिष्या टिकली होती, नोएमी हेस. आली तेव्हा सोळा वर्षांची होती.

"तुझी बोटं आखूड आहेत," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"वाढतील, मस्यू."

"बोटं? तू काय काकडी आहेस?"

बाकीच्या मुली अशा बोलण्यावर रडून घरी जायच्या. नोएमी रडायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. माझ्या माथ्यावरची अक्षरं पाहून ती म्हणाली, "मस्यू, प्रत्येक पानावर हे नाव? उद्या ही छापायला द्यायची झाली तर?"

"छापखानेवाला ख्रिश्चन आहे. त्याला माश्याच वाटतील."

माझी नक्कल कुणाला उतरवून घेऊ द्यायची नाही, हा लाझारचा नियम होता. नकलेत चुका होतात, आणि चुका करायच्या तर त्या तो मेल्यावर करा, असं त्याचं म्हणणं. शिकवणी चालायची तीही चमत्कारिक. तो तिच्या शेजारी बसायचा. डाव्या हाताचा भाग ती वाजवायची, उजव्या हाताचा तो. मुख्य चाल उजव्या हातात होती आणि तिला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्याला सोसत नसे. अशी वर्षामागून वर्षं गेली. नोएमीला माझा डावा हात तोंडपाठ झाला. उजवा ती घरी जाऊन आठवायची म्हणे, पण इतके सूर, आणि तेही त्या वेगाने. ते हातात राहत नसत.

मी अजून एकदाही संपूर्ण वाजले नव्हते. लोकांसमोर तर नाहीच. मला हवं होतं ते एवढंच. नोएमीलाही तेच हवं होतं. तिने स्वतःहून एक सभागृह ठरवलं, शरद ऋतूतली तारीख घेतली, एका प्रकाशकाला ऐकायला यायला राजी केलं, आणि एका सकाळी लाझारसमोर उभी राहिली.

"वही मला द्या. सहा महिन्यांत मी दोन्ही हात बसवते."

तो बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिला. संधिवाताने ती तोवर आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती.

"वल्हांडणानंतर घेऊन जा," तो म्हणाला. "आता सणाची साफसफाई चालू आहे. गोंधळात मला काही हलवलेलं चालत नाही."

वल्हांडणाला महिना होता. पंधरा दिवसांनी, ओल्या बर्फात, शब्बाथला गाडीत बसायचं नाही म्हणून तो प्रार्थनेसाठी सिनेगॉगला पायी गेला, पायी आला, आणि आठवड्यात मेला. एका वर्तमानपत्राने दोन ओळी छापल्या. 'प्रसिद्ध पियानो-दुरुस्तीकार' गेल्याचं त्यात लिहिलं होतं.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या घरी सात दिवस सुतक पाळतात. घरचं माणूस बुटक्या बाकावर बसतं. भेटायला येणाऱ्याने घरच्या माणसाआधी तोंड उघडायचं नाही, ते बोललं तरच बोलायचं. मोठी सुंदर रीत आहे. नोएमी रोज आली. गितेलसमोर बसली. मी पियानोवर, तिच्यापासून दोन हातांवर. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. गितेल पाच दिवस एक अक्षर बोलली नाही.

नोएमीने एकदा नुसतं "वही" म्हटलं असतं! पण तसं कुणी करत नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्यांना गोळा करून आणायचं काम सिनेगॉगचा सेवक हिर्त्स करायचा. सहाव्या दिवशी सकाळी, नोएमी यायच्या आधीच, तो पोतं घेऊन आला. वरच्या मजल्यावरचे विद्वान मस्यू वाइल आदल्या दिवशी वारले होते, आणि विद्वानाच्या कबरीत जीर्ण धर्मपुस्तकं त्याच्या शेजारी ठेवतात. दोघांचाही मान राहतो.

"फाटकी प्रार्थनेची पुस्तकं असली तर द्या, मादाम," हिर्त्स म्हणाला. घरच्या बाईच्या आधी तोच बोलला, पण त्याचं कामच तसं होतं.

गितेल पाच दिवसांनी बोलली. "पुस्तकं नाहीत. पण हे आहे." तिने मला उचललं. "पानापानावर नाव आहे. मी मेल्यावर कुणी यात चीज बांधलं तर? त्यापेक्षा मानाने जाऊ दे. त्याच्यासाठी मी आयुष्यात एवढं एक चांगलं करते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझं चुंबन घेतलं. मी त्यापेक्षा भट्टीत गेले असते. तिथे निदान आवाज तरी झाला असता.

हिर्त्सने मला पोत्यात घातलं. मस्यू वाइल यांनी लाझारच्या पियानोविरुद्ध दोनदा पोलिसांत तक्रार केली होती. त्यांच्याच शेजारी मला निजवलं. माती पडली.

मातीखालून ऐकू येतं. मेलेल्यांनाही येत असेल असं मला वाटत नाही, कारण वाइल एकदाही काही बोलले नाहीत. आठ-दहा दिवसांनी नोएमीचा आवाज आला. ती गुडघ्यांवर बसली असावी, फार जवळून बोलत होती. रब्बींकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, जाऊन आल्याचं ती मला सांगत होती.

"ते म्हणाले, वही पवित्र होती का? मी म्हटलं, नाही, पियानोचं संगीत होतं. तर म्हणाले, मग गाण्याबजावण्यासाठी मेलेल्याची कबर उघडायची? मी म्हटलं, नाही नाही, पवित्र होती, पानापानावर नाव होतं. तर म्हणाले, मग योग्य तेच झालं."

पुढच्या खेपेला तिने प्रकाशकाचं सांगितलं. सभागृहाची तारीख तिने सोडली नव्हती. तिने तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि एक प्रकाशक यांच्यासमोर बाराही स्तोत्रांचा डावा हात वाजवला. उजवा हात मांडीवर ठेवून.

"त्यांना आवडलं," ती म्हणाली. "म्हणाले, साथ उत्तम आहे. आता यावर कुणाकडून तरी एखादी चांगलीशी चाल लिहून घ्या."

ती दर वर्षी लाझारच्या श्राद्धतिथीला यायची. लाझारची कबर दोन रांगा पलीकडे होती. तिथे आमच्या रीतीप्रमाणे फुलांऐवजी एक खडा ठेवायची, आणि मग इकडे येऊन वाइलांच्या दगडावर एक खडा ठेवायची. इकडे जास्त वेळ बसायची, जास्त रडायची. चार वर्षं हे चाललं. पाचव्या वर्षी वरून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला.

"तुम्हीच का त्या?"

"मादाम वाइल? मी नोएमी हेस."

"नाव नाही विचारलं. यांच्या तुम्ही कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नसलेल्या माणसासाठी चार-चार वर्षं येऊन रडतं का कुणी? सगळा मोहल्ला बोलतोय. मलाच शेवटी कळलं."

"मी यांच्यासाठी नाही येत, मादाम. यांच्या शेजारी एक वही आहे, तिच्यासाठी येते."

"एकतीस वर्षं यांच्या शेजारी मी निजले. वही नव्हती."

"हिर्त्सना विचारा. त्यांनीच ठेवली."

हिर्त्स बाईंबरोबरच आलेला होता. त्याच्या बुटांचा चुळबुळता आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वाइल कुटुंबाला न विचारताच त्याने ते पोतं कबरीत सोडलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"वही?" हिर्त्स म्हणाला. "मला नाही बुवा आठवत."

"ऐकलंत?" मादाम वाइल म्हणाल्या. "लाज बाळगा. तुमच्याकडे आमच्या लोकांच्या मुली पियानो शिकायला येतात ना? बघते मी, आता किती येतात ते."

नोएमीची पावलं दूर गेली. खडा ठेवल्याचा आवाज झाला नाही. त्यानंतर ती आलेली नाही. बायकांच्या बोलण्यातून कळलं की तिच्या शिकवण्या सुटल्या आणि ती लीलला भावाच्या दुकानात कापड मोजायला गेली.

माझी आजची अवस्था सांगते आणि पुरे करते. ओल आत आली आहे. शाई कागद खात चालली आहे. सातव्या स्तोत्राचे सूर आठव्यात उतरलेत आणि दोन्ही मिळून नवव्याला भोकं पाडताहेत. उजव्या हाताची चाल आता फक्त मला माहीत आहे, आणि तीही वरच्या डाव्या कोपऱ्यापासून विसरायला सुरुवात झाली आहे.

एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणी एकटा माणूस काही लिहीत बसला असेल आणि तो मेल्यावर ते मागायला योग्य वेळेची वाट पाहत कुणी मुलगी गप्प बसली असेल, तर तिला बाजूला घेऊन सांगा, चोरून घे. कोटाखाली घाल आणि नीघ. लोक चार दिवस बोलतील, मग दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील.

आमच्या नोएमीला हे सांगायला कुणी नव्हतं. तिच्या आईबापांनी तिला फार चांगलं वळण लावलं होतं. त्याची शिक्षा मी भोगतेय.