हार घातला तो यंत्राला

हसू नका मित्रांनो, मी एनिमाचा डबा आहे. पांढरा, काठाला निळी रेघ, बुडाशी रबरी नळी. सांगलीच्या एका दवाखान्यात, मोरीतल्या खिळ्याला लटकून माझा जन्म गेला. पलीकडच्या खोलीत एक्सरेचं यंत्र होतं. त्याला पडदे, पंखा, रोज पुसायला मऊ फडकं! माझ्याकडे बघून लोक नाक मुरडायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

लढाईच्या दिवसांत पलटणीतून रजेवर आलेला कुंडलचा सयाजी दाखल झाला. मुतखड्याच्या कळांनी गडी गडाबडा लोळत होता. फोटोच्या आदल्या रात्री फक्त एरंडेल द्या, खायला काही नको, असं नर्स आक्काताईंनी बजावलं होतं. पण त्याची बायको शालूबाई ऐकते होय! उपाशी माणूस मशिनीखाली कसा निजेल, म्हणून तिने एरंडेल मोरीत ओतून टाकलं आणि हरभऱ्याची उसळ-भाकरी गुपचूप चारली.

फोटोत सगळा वायू आणि मळ. डावीकडे पांढरा ठिपका, उजवीकडेही तसाच. दोन्हीकडे खडे असतील तर दोन्ही कुशी चिराव्या लागणार होत्या. लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती, एकच उरली होती. यंत्राची फजिती बघून मला मात्र गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात शालूबाई रडत आली. म्हणाली, "आक्काताई, म्याच खायला घातलं. आता त्यास्नी दोनीकडं कापत्यात व्हय?"

"थांबा बाई. आधी पोट साफ करू, मग बघू," म्हणत आक्काताईंनी मला खिळ्यावरून काढलं.

त्या रात्री सयाजी एरंडेल पिऊन उपाशी निजला. सकाळी साबणाचं कोमट पाणी घेऊन मी माझं काम चोख केलं. नव्या फोटोत डावा ठिपका जागच्या जागी होता. उजवा गायब! तो खडा नव्हताच, नुसता मळ होता. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले काय, तर यंत्र लय झकास!

खंडेनवमीला, डाव्या कुशीचं ऑपरेशन होऊन बरा झालेला सयाजी झेंडूचा हार घेऊन आला. हार यंत्राला, नारळ यंत्रापुढे. जाताना मी दिसलो, तर गड्याने लाजून तोंडच फिरवलं.

मित्रांनो, फोटोआधी नर्सचं ऐकत जा. माझ्यासारख्याला वापरून झाल्यावर गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. यंत्राचा हेवा मला अजून वाटतो, लपवत नाही. सयाजीच्या डाव्या कुशीवर टाक्यांचा वण आहे, तो हवा तर त्या यंत्राचा म्हणा. उजवी कूस कोरी राहिली, ती माझ्यामुळे.