निळ्या पाण्याचा फुगा
माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि माझी त्याला जुळली, तेव्हा मला वाटलं, चला, आपण कुणाच्या तरी मापाचे निघालो. मी बुटांच्या दुकानात काम करते. माप जुळण्याचं मोल मला ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि मान हलवली. एवढ्या वजनावर ऑपरेशन माझ्याच जिवावर बेतेल, आधी वजन उतरवा म्हणाले. उतरवा म्हणे. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते?

शेवटी फुगा ठरला. चिरफाड नाही, टाके नाहीत. तोंडावाटे नळीने रिकामा फुगा पोटात सोडला आणि निळा रंग घातलेल्या मिठाच्या पाण्याने भरला. पोट आधीच निम्मं भरलेलं, त्यामुळे चार घासांत पुरे. सहा महिन्यांनी आला तसाच बाहेर काढायचा. निळा रंग अशासाठी, की फुगा गळला तर लघवी निळी-हिरवी होते. तसं दिसलं तर त्याच दिवशी या, असं नर्सने दोनदा बजावलं होतं. रिकामा फुगा आतड्यात अडकला तर जीव जाऊ शकतो.

पहिले काही दिवस ओकून ओकून जीव नकोसा झाला. मग वजन उतरू लागलं. गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकून नाडी बांधताना धाप लागेनाशी झाली. धाकटा घरी गणिताच्या शिकवण्या घेतो. तो म्हणायचा, "ताई, तू वजा होत चाललीस." शेवटचे चार-पाच किलो उरले होते, आणि एका सकाळी मला संडासाच्या भांड्यात हिरवं पाणी दिसलं.

तोंडचं पाणीच पळालं. आत्ता फुगा काढला तर भूक परत येणार, आणि राहिलेलं वजन राहणारच. इकडे धाकटा डायलिसिसवरून पिळलेल्या फडक्यासारखा घरी येत होता. पंधरवड्याने डॉक्टर माझं वजन बघणार होते. म्हटलं, तोवर कळ काढू. कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लश नीट चालला नाही. धाकट्याने बाथरूममधून हाक मारली.

"ताई, हे हिरवं काय आहे?"

"टाकीत साफसफाईची वडी टाकलीय."

त्याने टाकीचं झाकण उचललं. आतलं पाणी नितळ होतं.

"मग तुझंच असेल," मी म्हटलं. "गोळ्या काय कमी खातोस?"

"ताई, मला लघवी होऊन वर्ष झालं. या घरात ती करणारी तू एकटीच आहेस."

मी चपला शोधेपर्यंत त्याने गाडी बोलावली होती.

फुगा काढला. त्याआधी डॉक्टर मला खूप बोलले. वॉर्डात शुद्धीवर आले तर घसा दुखत होता आणि पोटात भूक पेटली होती, जुनी, ओळखीची. मला रडू फुटलं.

"थोडक्यात राहिलं रे. आता ही भूक सुटली. तुला काय देऊ मी?"

तो खुर्ची ओढून जवळ बसला. "मला दिवसाला दोन पेले पाणी चालतं. त्यातच गोळ्या गिळायच्या. उठल्यापासून झोपेपर्यंत तहान असते. तिच्यासाठी फुगा नसतो, ताई."

इतके महिने एका घरात राहून मी हे कधी विचारलंच नव्हतं. "मग कसं करतोस?"

"काही करत नाही. ती येऊन बसते. मी शिकवणीला लागतो. मध्येच बघतो तर ती गेलेली नसते, पण मीही मेलेलो नसतो." त्याने माझ्या अंगावरची चादर सारखी केली. "तू मात्र मेली असतीस. माझ्यासाठी. ते मला कुठल्या किडनीने पचलं असतं?"

नर्सने वाटीभर सूप आणलं. अर्ध्या वाटीवर मी थांबले. भूक गेली नव्हती. ती बसून राहिली, आणि आम्ही दोघं बोलत राहिलो.