बावीस किलोमीटरवरचा लाल ठिपका

मुलुंडच्या देवव्रत सोमणने आयुष्यात कधी मासा खाल्ला नव्हता, आणि मासे कुठे सापडतात हे सांगणारं ऍप मात्र तोच करत होता. आजन्म ब्रह्मचाऱ्याने वधूवरसूचक मंडळ काढावं, तसा प्रकार. हे त्यालाही कळत होतं. पण नोकरी सोडून आठ महिने झाले की माणसाला स्वतःवर हसण्यापलीकडे फारसं काम उरत नाही.

ऍपमागचा विचार साधा होता. उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि माशांचं खाद्य असलेलं शेवाळ कळतं, ट्रॅकरवरून बोटींचा वेग कळतो. जाळं टाकताना बोट मंदावते. म्हणजे जिथे रोज पुष्कळ बोटी मंदावतात तिथे मासा असणारच. वर्सोव्यापासून बावीस किलोमीटरवरचा एक ठिपका नकाशावर महिनोन्‌महिने लालभडक दिसत होता. शेवाळाचा आकडा तिथे जेमतेमच होता, पण एवढ्या बोटी काय खोटं बोलतील, असं म्हणून देवव्रतने तो आकडा बाजूला सारला. हुशार माणसाची चूकही हुशार असते.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्याचं ऐकणारा एकच तांडेल निघाला, धोंडिराम. त्याच्या बोटीची चार दिवसांची फेरी होती, त्यात पहिलं जाळं ठिपक्यावर टाकायचं. जाळं भरलं तर मच्छीमार सोसायटी चाळीस बोटींवर ऍप घेणार होती. रिकामं आलं तर मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची, असं देवव्रतने बायकोला, रेवतीला, कबूल केलं होतं.

देवव्रतही बोटीवर चढला, आणि पहिल्या तासातच त्याने सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. "चला, माशांना चारा तरी झाला," धोंडिराम म्हणाला.

ठिपका जवळ आला तसं धोंडिरामने आपणहून इंजिन मंद केलं. आसपास पाच-सहा बोटी रेंगाळत होत्या. देवव्रत कठडा सोडून ताठ उभा राहिला.

"बघा तांडेल, बोललो होतो ना? सगळे इथेच."

मग त्याचं लक्ष गेलं. एकाही बोटीचं जाळं पाण्यात नव्हतं. प्रत्येक बोटीवर माणसं कठड्याला टेकून उभी होती, आणि प्रत्येकाच्या कानाला फोन होता.

"हे काय करतायत?"

"रेंज," धोंडिराम म्हणाला. "जाताना इथे संपते, येताना इथे लागते. घरी फोन केल्याशिवाय पुढे कोण जातो?"

"मग निघताना का नाही सांगितलंत?"

"तू उपग्रह बोललास ना रे. मला वाटलं, शिकलेला माणूस, खाली काहीतरी दिसलं असेल."

शब्द दिला होता म्हणून धोंडिरामने जाळं टाकलं. दोन जेलीफिश आले आणि डाव्या पायाची एक चप्पल. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे तोही नव्हता. देवव्रतला लाज वाटली, आणि आता पुन्हा कुठला तरी साहेब सहन करायचा, या विचाराने रडूच आलं.

धोंडिरामने बायकोला, दर्शनाला, फोन लावला आणि सगळी हकिकत मोठ्या आवाजात ऐकवली. दर्शना पोट धरून हसली. हसता हसता तिला काहीतरी सुचलं.

"त्याला दे फोन," ती म्हणाली. "काय रे, बोट रेंजमध्ये आली की तुला घरबसल्या कळतं?"

"कळतं."

"मग ते मला दे. येताना हा फोन करायला विसरतो. मी बर्फ नि टेम्पो सांगू, का जीव मुठीत धरून बसू? कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका घेतील. मासे आमचे आम्ही शोधतो, तू नको त्रास घेऊ."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं ऍप कुणीतरी मागितलं होतं. धोंडिरामने इंजिनाला वेग दिला आणि म्हणाला, "तुझ्या घरी फोन कर पटकन."

रेवतीने पहिल्याच रिंगला उचलला. "सापडले का मासे?"

"मासे नाही गं," देवव्रत आनंदाने ओरडला, "पण बायका मिळाल्या. खूप बायका."

गिऱ्हाईक म्हणून, हे सांगायच्या आत रेंज गेली.

त्या लाल ठिपक्याची वाट आजवर अनेकांनी पाहिली असेल. पण पुढचे चार दिवस देवव्रतने पाहिली तशी कुणीच नसेल.