गोवराचा रकाना

"आई, गोवराचा रकाना कोराच आहे," लेक म्हणाली.

लसीकरणाच्या खोलीत सिस्टरबाई सिरिंजा मांडत होत्या. सत्तावीस वर्षं हीच खोली, हेच टेबल. लेकीच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात तिचं लहानपणचं पिवळं पडलेलं कार्ड. परदेशातल्या विद्यापीठाची यादी संपत आली होती. पासपोर्ट, गुणपत्रिका, जादा चष्मा, तेवीस किलोंत कोंबलेली बॅग. लसींची नोंद तेवढी राहिली होती. ती आज पाठवली नाही, तर वसतिगृहातली खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"टोचलीय मी तुला. दोन्ही डोस."

"मग लिहिलं का नाहीस?"

काय सांगणार? त्या काळी दिवसभर लोकांची पोरं टोचायची. रांग संपली, रजिस्टर मिटलं, की उघड्या बाटलीत उरलेला डोस आपल्या पोरीला. कार्ड घरी, ट्रंकेत. उद्या लिहू म्हणायचं. घरचंच मूल, पळून थोडंच जातंय!

खोली झाडणारी मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शिक्का तुमचा, पेन तुमचं. घाला की एखादी तारीख. खोटं थोडंच आहे?"

सिस्टरबाईंनी पेन उघडलं. खोटं नव्हतंच. पण तारीख येईना. मागच्या गल्लीतल्या जुळ्यांची तारीख आजही तोंडपाठ होती. पोरीची आठवेना. पावसाळा होता की थंडी, ती रडली होती का, कुणाच्या कडेवर होती, काहीच नाही. वाईट वाटायला हवं होतं. दंडावर स्पिरिटचा बोळा फिरावा तसं नुसतं गार वाटलं.

"लिही ना गं."

"तारीख ठाऊक नसली तर लिहायचं नाही. नव्या मुलींना मीच ओरडते त्यावरून. परत टोचू. आज एक, दुसरा महिन्यानं."

"महिन्यानं मी तिथे असेन!"

"मग तिथे घ्यायचा. चालतं का बघ."

लेकीनं फोनवर वर-खाली बोट फिरवलं. "चालतं. पहिला इथला, दुसरा तिथे गेल्यावर."

"मग रांगेत उभी राहा."

"आई, मुलगी आहे मी तुझी!"

"म्हणूनच. मागच्या वेळी रांगेबाहेर टोचलं, तेच निस्तरतोय."

लेक तान्ह्यांच्या आयांमागे जाऊन उभी राहिली. पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं. "बाळ कुठंय?"

"मीच," लेक म्हणाली. रांग हसली.

पाळी आली.

"नाव?"

"आई, काय गं..."

"नाव सांग."

तिनं सांगितलं. जन्मतारीखही सांगितली. बाही वर केली आणि भिंतीकडे बघत राहिली. सिस्टरबाईंचा हात नेहमीसारखाच चालला. टोचून झाल्यावर त्यांनी रजिस्टरात लिहिलं, कार्डावर लिहिलं, शिक्का मारला. खाली पुढच्या डोसची तारीख घातली आणि केंद्राच्या नावाच्या जागी आडवी रेघ ओढली.

"चोळू नको. अर्धा तास बाहेर बाकावर बसायचं. मी सांगेन तेव्हा जायचं. पुढचे!"

बाळं येत राहिली, रडून जात राहिली. अर्धा तास उलटला, मग पाऊण. लेक दारातून डोकावली.

"आई, जाऊ ना? फॉर्म पाठवायचाय."

"बस अजून जरा," सिस्टरबाई मान वर न करता म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या बाळाची मांडी पुसायला घेतली.