बरगडीतलं कोपर

"मामा! ओ मामा! खाली घ्या!"

कारखान्यातल्या जोडीदाराने तिसऱ्यांदा हाक मारली तरी दोन टनांचा लोखंडी साचा क्रेनला लोंबकळतच राहिला. त्याखाली कुणी उभं नव्हतं हे नशीब. शेवटी तो शिडी चढून केबिनमध्ये गेला, तेव्हा मामा दोन्ही हात दांड्यांवर ठेवून, मान छातीवर टाकून गाढ झोपले होते. घोरतही होते, पण ते खाली येऊन कुणाला सांगायची त्याला गरज पडली नाही. यंत्रांच्या खडखडाटातही सगळ्यांनी ऐकलं होतं.

फोरमन वयाने लहान. त्याने नजर चुकवतच सांगितलं, "डॉक्टरचा कागद आणा मामा. तोवर वर चढायचं नाही." एकतीस वर्षांत मामांच्या क्रेनवरून कुणाच्या अंगावर खिळासुद्धा पडला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात एक रात्र डोक्याला आणि छातीला वायरी चिकटवून झोपवलं. चार दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाची होती.

"तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडतोय तुमचा," ती म्हणाली. "झोपेत घसा सैल पडतो आणि हवेची वाट बंद होते. मग मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो. सकाळी तुम्हाला काही आठवत नाही, पण झोप झालेली नसते. घोरता हे माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी झोपलेला असतो." मामा स्वतःच्याच विनोदावर हसले. मग म्हणाले, "बायको सांगायची. डाव्या बरगडीत कोपर मारायची, रोज. चौदा महिने झाले तिला जाऊन."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "घोरता म्हणून नसतील मारत त्या. तुमचा श्वास थांबला की मारत असतील. माणूस कुशीवर वळला की वाट मोकळी होते."

बायकोचं नाव मामांनी डुलकीबाई ठेवलं होतं. भाजी निवडताना ती पेंगायची, बसमध्ये पेंगायची, मुलीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचे डोळे मिटलेले. पाहुणे आले की मामा तो फोटो काढून दाखवायचे. "हिला झोपेचं वरदान आहे," म्हणायचे, आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

"अजून मारते," ते एकदम म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "रोज रात्री. नेमकं तिथेच. जाग येते तेव्हा बरगडी दुखत असते."

डॉक्टरीणबाई हसली नाही. "तो तुमचा मेंदू आहे, मामा. इतक्या वर्षांची सवय. दचकून उठताना त्याला तेच आठवतं. यंत्र देते; ते वापरलंत की कामाचा कागदही मिळेल. तोंडावर मुखवटा बांधून झोपायचं, ते हवा आत ढकलत राहतं. मग दचकणं थांबेल."

"म्हणजे कोपरही?"

तिने पेन परत उचललं. "तेही थांबेल."

यंत्र घरी आलं आणि आठवडाभर पिशवीतच पडून राहिलं. मामा डॉक्टरांच्या कागदासाठी तळमळत होते आणि पिशवीला हातही लावत नव्हते. खरं सांगायचं तर त्यांना बरं व्हायचंच नव्हतं. बरगडीत टोचलं की ते अंधारात डावीकडे हात न्यायचे. तिथे काही नसायचं, पण ती आत्ता तर इथे होती, असं वाटायचं, आणि तेवढ्यावर त्यांचा पुढचा दिवस निघायचा.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, यंत्र लावलंत का?"

"लावतो गं. घाई काय आहे?"

"घाई काय म्हणजे? आई रात्र रात्र मोजत बसायची, ठाऊक आहे? तुमचा श्वास थांबला की दहापर्यंत मोजायची, मग कोपर. मला म्हणायची, एखाद्या रात्री माझाच डोळा लागला तर गं?"

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला का नाही बोलली?"

"बोलली होती. माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात, डुलकीबाईला बरं दिसतं झोपेत."

फोन ठेवून मामा पलंगाच्या कडेला बसले. मग त्यांनी पिशवी उघडली, नळी जोडली, डोक्यामागून पट्टे ओढले आणि उजव्या बाजूला, आपल्या जागेवर आडवे झाले. डावीकडे तोंड वळवून ते काहीतरी बोलले, पण मुखवट्यात नुसतीच हवा फसफसली. तसं बोललेलं तिला कळलं नसतं. त्यांनी पट्टे सोडले, मुखवटा काढला.

"आता मोजू नकोस," ते म्हणाले. "माझं चुकलं. झोप तू."

मग त्यांनी मुखवटा परत बांधला.

संध्याकाळी सहाला मामा आपले आपण जागे झाले. बरगडी दुखत नव्हती.